दुपारी बारानंतर काही नाही

दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरातून मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पळून आलो. कारण धम्माचं नव्हतं, पोटाचं होतं. आज हे हसत लिहितोय, पण त्या दिवशी सुरतेतल्या लिंबायतच्या नाक्यावर रिक्षातून उतरलो तेव्हा तोंड कुठे लपवावं ते कळत नव्हतं. तोंड लपवता येतंही एक वेळ, तुळतुळीत डोकं कसं लपवणार?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बौद्ध घरांत अशी पद्धत आहे की संसारी माणसानं आयुष्यात एकदा तरी दहा दिवस घर सोडून विहारात राहावं. डोकं मुंडवायचं, भिक्खूंचं वस्त्र, म्हणजे चीवर, घालायचं, श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू व्हायचं. दहा शीलं पाळायची. त्यातलं एक असं की दुपारी बारानंतर दुसरा दिवस उजाडेपर्यंत काही खायचं नाही. शेवटच्या दिवशी घरची माणसं भोजनदान घेऊन येतात आणि चीवरातल्या माणसाला वंदन करतात. आईबापसुद्धा आपल्या मुलापुढे वाकतात. ते वाकणं मुलापुढे नसतं, चीवरापुढे असतं, पण बापाच्या दृष्टीनं त्याच्यासारखा दुसरा सोहळा नाही.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असं एकदा माझ्यापुढे वाकायचं होतं. ते धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले आणि लूमच्या कारखान्यात चाळीस वर्षं माग चालवून म्हातारे झाले. स्वतः श्रामणेर व्हायला त्यांना कधी दहा दिवसांची सुट्टी मिळाली नाही. मला मिळते. मी हजिऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर आहे, बस घ्यायला येते, रजा हक्काची असते. आबांनी माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही. हे मागितलं होतं, आणि मी तिसऱ्या दिवशी शर्ट चढवून घरी हजर.

"मना आंडोर तिसरा दिनले पयी उना," त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. आमच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा. ते रागावून बोलले असते तर मीही चार शब्द बोललो असतो. ते आजारी माणसाची बातमी सांगावी तसं हळू आवाजात बोलले आणि मी बोडकं डोकं घेऊन आतल्या खोलीत गेलो.

आता माझ्या पोटाविषयी. ते माझं होतं पण माझ्या ऐकण्यातलं नव्हतं. सकाळी उठल्यावर छातीत आग, जेवल्यावर पोट ढोलासारखं तट्ट, चार वाजता पोटात खड्डा, रात्री आंबट ढेकर. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकलं नाही की हात थरथरायचे आणि डोकं फिरायचं. माझ्या एका खिशात बिस्किटाचा पुडा आणि दुसऱ्या खिशात जळजळीच्या गोळ्या असायच्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, साखर पाहिली, दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की गंभीर काही नाही, तुमच्या खाण्याला शिस्त लावा. मला त्यांचा रागच आला. एवढे पैसे भरून माणसाला निदान एखादा भारी आजार तरी निघावा.

शिस्त कसली लावणार? सकाळी सहाला दोन कप चहा ढोसून बस पकडायची. नाश्ता कॅन्टीनमध्ये, दुपारचं जेवण सहा मिनिटांत. दिवसाचे आठ चहा. संध्याकाळी घरी आल्यावर भजी नाहीतर सेव-खमणी, आणि रात्री दहाला खरं जेवण, तेही लाल मिरचीच्या रश्श्याचं. सुरत हे असं गाव आहे की इथे माणूस खाण्यासाठी घराबाहेर पडतो आणि बाहेर पडला की खातो. मला या गावाचा अभिमान आहे, पण माझ्या पोटाला नव्हता.

शिबिरात मी जी चूक केली ती पुढे मला बऱ्याच जणांत दिसली, म्हणून सविस्तर लिहितो. विहार चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमध्ये. पहिल्या दिवशी अकरा वाजता जेवायला बसलो. मनात एकच विचार, की बारानंतर अठरा-एकोणीस तास काही मिळणार नाही. मग मी जे सुरू केलं त्याला जेवण म्हणता येणार नाही, ती भरती होती. नऊ पोळ्या, तीन वाट्या वरण, भाताचा डोंगर, वरून चार केळी. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत शेवटचं केळं मी बाराला दोन मिनिटं कमी असताना गिळलं, आणि वर पाण्याचा तांब्या रिकामा केला. माझ्या शेजारचाही तेच करत होता, त्याच्या पलीकडचाही. उपवासाच्या भीतीनं आम्ही सगळे उंटासारखे भरून घेत होतो.

दुपारी ध्यानाला बसलो तर पोट मांडीवर येऊन बसलेलं. डोळे मिटले की ढेकर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विहारामागे सगळं ओकून टाकलं, आणि पोट रिकामं झाल्याबरोबर अशी भूक खवळली की समोरचा ऊस सोलून खावासा वाटला. तासाभरात मी हायवेवरच्या एका हातगाडीवर होतो. भजी, दोन प्लेट. डोकं बोडकं पाहून गाडीवाल्यानं आदरानं चटणी जास्त वाढली. ती चटणी मला अजून डाचते.

नंतरचे दोन महिने डोक्यावर केस येईपर्यंत कारखान्याच्या बसमध्ये रोज विचारणा. शिबिर कसं झालं, काय शिकवलं, मन शांत झालं का. माझं मन शांत नव्हतं, मी भयंकर चिडलेला होतो, आणि चिडलेल्या माणसाला एखाद्या दिवशी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा करायची हौस येते. रविवारी जेवताना मी घरात जाहीर करून टाकलं की डिसेंबरातल्या शिबिराला मी पुन्हा जाणार आणि दहा दिवस पुरे करून दाखवणार.

बायको महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "कुणाच्या पोटाच्या जोरावर?"

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यानं मला कळलं की आता माघार नाही. पुन्हा पळून आलो तर हा माणूस मला काही म्हणणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही.

तयारी सुरू झाली ती बसमधून. कारखान्याची बस म्हणजे चाळीस माणसं आणि चाळीस वैद्य. माझ्या गुजराती जोडीदारानं सांगितलं, "हरडे लो, बधुं सारूं थई जशे." हरडे म्हणजे आपला हिरडा, त्यानं म्हणे सगळं बरं होतं. मागच्या सीटवरच्यानं त्रिफळा सांगितला. एकानं इसबगोल, एकानं गरम पाण्यात लिंबू, एकानं रात्री दोन चमचे एरंडेल. एकानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई कोरफडीचा गर पीत होती. मला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं आणि मला घाईही होती. शनिवारी मी एका गांध्याच्या, म्हणजे जडीबुटीवाल्याच्या, दुकानातून सगळं आणलं आणि रविवारी रात्रीपासून सगळं एकदम सुरू केलं.

सोमवारी सकाळी बस हजिऱ्याच्या रस्त्याला लागली आणि पोटात जे सुरू झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. मी ड्रायव्हरपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता बस कडेला घेतली. वेड्या बाभळीच्या झुडपांत मी, आणि रस्त्यावर चाळीस वैद्य खिडकीतून वाट पाहत बसलेले. परत आलो तर हरडेवाला म्हणाला की असर झाला म्हणजे औषध चांगलं आहे. मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी बायकोनं सगळ्या पुड्या गोळा करून एका डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर टाकला. "आम्ही मुलांना एकाच दिवशी बाराखडी आणि भागाकार शिकवतो का?" ती म्हणाली. "एका आठवड्याला एक गोष्ट. ती जमली तर पुढची. आणि आधी सवयी. ओवा-जिऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी." मग तिनं शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकाचं एक कोरं पान काढलं, त्यावर मुलांच्या नावांच्या जागी माझ्या सवयी लिहिल्या आणि पान फ्रिजला चिकटवलं. रोज संध्याकाळी हजेरी. जमलं तर हजर, नाहीतर लाल शाईनं गैरहजर.

पहिला विद्यार्थी होता चावून खाणं. फक्त तेवढंच. मिरची चालेल, चहा चालेल, रात्री दहाला जेवलेलं चालेल, पण घास तोंडात पातळ झाल्याशिवाय गिळायचा नाही. मला वाटलं, यात काय आहे. पहिल्या चार दिवसांत चार गैरहजर. चौथीतल्या माझ्या मुलीला यात फार गंमत वाटायची, ती समोर बसून माझे घास मोजायची आणि मी गिळला की बोट दाखवायची. घास चावायला लागल्यावर मला प्रथमच कळलं की आमच्या घरी भाजीत काय काय असतं. चाळिशी उलटल्यावर मला गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, चव कळली. मी ते बायकोला मोठ्या आनंदानं सांगितलं तर ती म्हणाली की पंधरा वर्षं मी कुणासाठी करत होते मग.

दुसऱ्या आठवड्यात चहा आठाचे पाच केले आणि डोकं असं दुखलं की बसमध्ये कुणाशी बोललो नाही. तिसऱ्यात पाचाचे दोन. उपाशीपोटी चहा बंद, आधी कोमट पाणी आणि भिजवलेल्या मनुका. चौथ्या आठवड्यात कॅन्टीनच्या जेवणाबरोबर थंड पेयाऐवजी ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव. पाचव्यात जेवणावर तांब्याभर पाणी ढोसणं बंद. मग पालेभाजी, दुधी, पपई. मैद्याऐवजी ज्वारीची भाकरी. प्रत्येक गोष्टीला तिचा आठवडा मिळत होता आणि फ्रिजवरची लाल शाई कमी होत होती.

सगळ्यात कठीण गेलं रात्रीचं जेवण. ते दहावरून साडेसातवर आणायचं होतं. बसमधून उतरायचं, हातपाय धुवायचे आणि ताटावर बसायचं, मध्ये भजी नाही, खमण नाही. पहिल्या दिवशी साडेसाताला एकट्यानं जेवायला बसलो तर आबा काठी टेकत आले आणि शेजारी बसले. मलाही वाढ, असं त्यांनी सुनेला सांगितलं. मला वाटलं, म्हातारा मला सोबत करतोय. जेवण झाल्यावर आम्ही दोघं चालायला निघायचो, रेल्वेखालच्या गरनाळ्यापर्यंत, म्हणजे भुयारी रस्त्यापर्यंत, आणि परत. लिंबायतच्या रस्त्यावर शतपावली म्हणजे शंभर पावलांत वीस रिक्षा चुकवायच्या. आबा काठी आडवी धरून रिक्षा थांबवायचे आणि शांतपणे पलीकडे जायचे.

आणि मग ती सकाळ आली. नवव्या की दहाव्या आठवड्यातली असेल. उठलो, पाणी प्यायलो आणि काहीही न करता, चहा नाही, फेऱ्या नाहीत, जोर नाही, पाच मिनिटांत मोकळा होऊन बाहेर आलो. छातीत आग नाही. पोट हलकं, इतकं हलकं की मी दोन वेळा हात लावून पाहिलं. ज्यांचं पोट रोज साफ होतं त्यांना यात लिहिण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, मुलीला उठवून सांगितलं, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला सांगितलं. मला जेवढा आनंद झाला तेवढा बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता. बिस्किटाचा पुडा त्या दिवशी मी घरी विसरलो आणि विसरलो हे मला संध्याकाळी कळलं.

त्यानंतर मला ओव्याची परवानगी मिळाली. जिरं, ओवा आणि बडीशेप मंद आचेवर भाजून, जाडसर कुटून, जेवणानंतर अर्धा चमचा. ज्या गोष्टीपासून मी सुरुवात करायला निघालो होतो ती अशी शेवटी आली आणि चटकन लागू पडली. माळ्यावरच्या डब्यातला इसबगोल तेवढा खाली उतरला, तोही भरपूर पाण्याबरोबर, गरज पडेल तेव्हाच. बाकीचं सगळं अजून वरच आहे.

नोव्हेंबरच्या पौर्णिमेला मी स्वतःची परीक्षा घेतली. कामाचाच दिवस होता. साडेअकराला डबा खाल्ला, दोन भाकऱ्या, मुगाची आमटी, गिलक्याची भाजी, ताक. पोट थोडं रिकामं ठेवून उठलो. मग चार वाजण्याची वाट पाहत बसलो, कारण चार वाजता माझे हात थरथरतात हे मला पक्कं माहीत होतं. चार वाजले. मी पाना धरलेल्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. पाच वाजले. भूक आली, पण ती ओरडत आली नाही. आली, थोडा वेळ बसली आणि गेली. मला भुकेची एवढी वर्षं नुसती भीतीच वाटत आली होती, भूक म्हणजे काय ते मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन मी हजेरीच्या पानावर स्वतःच्या हातानं 'हजर' लिहिलं, मोठ्या अक्षरांत.

डिसेंबरात शिबिराच्या पहिल्या दिवशी विहाराच्या अंगणात न्हावी बसले होते. मी माझं डोकं करून घेतलं, उठलो, मागे वळलो तर ओळीत आबा. खांद्यावर टॉवेल, काठी भिंतीला टेकवलेली. मला वाटलं, मला सोडायला आलेत आणि सावलीत बसलेत.

"मीबी येस," ते म्हणाले. "भंतेस्ले इचारी उनू."

मी भडकलोच. "आबा, तुम्हले जमाव नही. तुमचं वय काय, पंचाहत्तरी आली. दहा दिवस संध्याकाळी उपाशी?"

"तीन महिना तुना संगे साडेसातले कोन जेवनं?" ते म्हणाले. "तू बोलीसन करं. मी नही बोलता करं."

न्हाव्यानं त्यांच्या डोक्याला पाणी लावलं. मी भंतेंकडे, म्हणजे विहारातल्या मुख्य भिक्खूंकडे, धावलो. भंते म्हणाले की आबांनी महिन्याभरापूर्वीच नाव दिलंय, डॉक्टरची चिठ्ठी आणलीय, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसाला संध्याकाळी औषध म्हणून गुळाचं पाणी घ्यायला नियमात जागा आहे. बायकोलाही ठाऊक होतं. घरात ठाऊक नसलेला मी एकटाच होतो.

पहिल्या दिवशी अकराला जेवायला बसलो आणि आजूबाजूला तोच प्रकार सुरू झाला. पोळ्यांवर पोळ्या, डोळे घड्याळाकडे. माझ्या समोरच्या तरुणानं सहावं केळं सोललं तेव्हा मला त्याचा हात धरावासा वाटला. मी तीन पोळ्या खाऊन थांबलो. शेजारी आबा हळूहळू दोन पोळ्या चावत होते, वर पाहतसुद्धा नव्हते.

तिसरी संध्याकाळ आली. मी तिची वाट शत्रूसारखी पाहत होतो. त्यात भर म्हणजे हंगाम चालू होता आणि साखर कारखान्याच्या बाजूनं वारा सुटला की रस आटवल्याचा गोड वास सगळ्या विहारात भरायचा. आम्ही तीस-पस्तीस बोडके त्या वासात डोळे मिटून बसलेले. तोंडाला पाणी सुटलं, आणि मी श्वास मोजत राहिलो. वंदना संपली तेव्हा मी अजून तिथेच होतो. चौथ्या दिवशी पहाटे झाडू मारताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण श्रामणेरानं गायचं नसतं, म्हणून मी जोरात झाडलं.

सातव्या दिवशी संध्याकाळी आबा चंक्रमण करता करता, म्हणजे हळू चालता चालता, ओट्यावर बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी गुळाचं पाणी आणलं, हात चोळले. शिबिरात एक डॉक्टर उपासक होते, त्यांनी रक्तदाब पाहिला. थोडा कमी होता. ते म्हणाले की घाबरण्यासारखं नाही, पण घरी न्यायचं असेल तर न्या.

मी त्या ओट्यावर बसून काय विचार केला ते खरं सांगतो. आबांना घरी न्यायचं म्हणजे मीही जाणार. म्हणजे दुसऱ्यांदा अर्धवट. या वेळी माझं पोट ठणठणीत होतं आणि तरी मी अर्धवट राहणार होतो. मला एक क्षण आबांचाच राग आला, आणि मग त्या रागाची इतकी लाज वाटली की मी उठून म्हणालो, "चला आबा, रिक्षा बोलावतो. माझं काही नाही, मी पुढच्या वर्षी येईन."

आबांनी गुळाच्या पाण्याचा एक घोट घेतला, तोंडात घोळवून गिळला. "बस खाले," ते म्हणाले. मी बसलो. त्यांनी आणखी एक घोट घेतला. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी पुन्हा रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. त्या रात्री आबा लवकर झोपले आणि पहाटे माझ्याआधी उठले.

दहाव्या दिवशी अंगण भरलं. लिंबायतमधून टेम्पो भरून माणसं आली, भोजनदानाची पातेली आली. बायको आणि मुलगी आल्या, आमच्यासमोर वाकल्या. मुलीला हसू आवरत नव्हतं. माझ्यापुढे वंदन करायला आबा नव्हते, ते माझ्या शेजारी त्याच रंगाच्या चीवरात बसले होते. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि तीच राहिली होती.

जेवणाआधी भंतेंनी सांगितलं की प्रत्येक श्रामणेरानं दोन वाक्यांत आपला अनुभव सांगावा. माझी पाळी आली आणि मला राहवेना. मी चावून खाण्यापासून सुरुवात केली, चहावर आलो, ताक सांगितलं, साडेसातचं जेवण सांगितलं, पोट साफ झाल्याची सकाळ सांगितली, ओवा-जिऱ्याचं प्रमाण सांगितलं. बायका पदराआड हसत होत्या, बायको मला डोळ्यांनी खाली बसायला सांगत होती. एक म्हातारे गृहस्थ मागून म्हणाले, ओवा भाजून की कच्चा? मी त्यांनाही उत्तर दिलं. भंते शेवटी म्हणाले, श्रामणेर, आता पुढच्यांना संधी द्या.

पुढचे आबा होते. ते माइकसमोर काठीशिवाय उभे राहिले. त्यांना लोकांसमोर बोलायची सवय नाही, ते कधी बोललेलेच नाहीत.

"चाळीस वरीस मी हुभा ऱ्हाईसन जेवनू," ते म्हणाले. "एक हात मागवर, एक हात तोंडमा. माग थांबे नही, मंग मी कसा बठू?"

त्यांनी माइकचा दांडा हातात धरला. मला वाटलं, संपलं.

"ह्या दहा दिन मी बठीसन जेवनू. मना आंडोरना जोडे बठीसन."

ते येऊन माझ्या शेजारी बसले. मला रडू आलं. चीवराच्या टोकानं डोळे पुसलेले चालतात की नाही, हा नियम मला कुणी शिकवला नव्हता. मी पुसले.